ग्रामीण रुग्णालयात थांबलेल्या पूरग्रस्तांसाठी 25 हजारांत काय घ्यावं?

गिरणाकाठ: नमस्कार. परवाच्या पुरात शेजारच्या वस्तीतली 38 घरं पाण्यात गेली. शाळेतही पाणी शिरलं, म्हणून ही कुटुंबं तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात आणि ओपीडीच्या हॉलमध्ये थांबली आहेत. साधारण 160 माणसं, त्यात 20-22 लहान लेकरं, दोन बाया दिवस भरलेल्या. जेवण मंदिराचं मंडळ देतंय. आम्ही मित्रांनी 25,000 रुपये जमवलेत. काय घ्यावं? उद्या सकाळी बाजारात जायचंय.

केळीवाला रावेर: ताडपत्री घ्या भाऊ, दुसरं काही नको. शेतातली जाड, घरटी एक. मी मक्यावर टाकायला घेतलेलीला पाच वर्षं झाली, अजून भोक नाही. पैसे कमी पडले तर आणखी जमवा.

पांझरा: 2019 ला धुळ्यात पांझरेला पूर आला तेव्हा आम्ही टेम्पोभर जुने कपडे गोळा केले. बायांनी हातात घेतले अन् ठेवून दिले. ओले होऊन कुजले, शेवटी आम्हीच उचलून फेकले. कपडे द्यायचेच तर नवे परकर, आतले कपडे आणि पॅड द्या. तोंडाने कुणी मागत नाही, पण लागतं.

सिस्टर 12 वर्षं: दुधाची पावडर आणि बाटल्या कुणालाही आणू देऊ नका. घाण पाण्यात कालवलेल्या दुधाने जुलाब लागून लेकरू दगावतं. आईला पोटभर खायला द्या, अंगावरचं दूध चालू राहू द्या. ओआरएस, झिंक दवाखान्यातच मिळतं. तुम्ही तोटीचे, झाकणाचे पिंप घ्या आणि क्लोरीन टाकलेलं पाणी भरा. मदतकार्यात माणशी रोज 15 लिटर पाणी धरतात, म्हणजे तुम्हाला 2,400 लिटर. संडास 20 माणसांमागे एक. ग्रामीण रुग्णालय असतं 30 खाटांचं, त्यात रोजचे पेशंट. आधी वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. प्रसूतीच्या खोलीची वाट आणि रुग्णवाहिकेची जागा अडू देऊ नका.

अमळनेरची सून: मंदिराचं जेवण म्हणजे रोज खिचडी. आपल्याकडच्या माणसाला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ द्या, मिरच्या द्या.

पांझरा: दवाखान्यात चुली मांडणार? ऑक्सिजनची सिलिंडरं असतात तिथे.

अमळनेरची सून: मागच्या आवारात मांडतील. मी बायांचं मन सांगतेय.

चाळीसगावकर: कागदांचं कुणी बोलत नाही. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी माझ्या दुकानात शिरलं. मी घाईने गाळ काढून फरशी धुतली, अन् पंचनाम्याला माणूस आला तेव्हा दाखवायला काही उरलं नाही. त्यांना सांगा, आधी फोटो, मग साफसफाई. आधार, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

बोदवडी: आमना गावमा बी असंच व्हयनं व्हतं. जुने कपडे नका देऊ, कुणी घालत नाही.

गिरणाकाठ: आत्ता तिथूनच आलो. सोबत माझी बहीण होती, तिच्याशी बाया बोलल्या. संडासाकडे अंधार आहे, अंघोळीला आडोसा नाही. तीन दिवस कुणी अंघोळ केलेली नाही. रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, दिवस भरलेल्या दोघीसुद्धा. ऐकून आम्ही गप्पच झालो. आता सगळे पैसे बांबू आणि शेडनेटचे चार आडोसे, चार्जिंगचे दिवे आणि दोन सफाईवाल्यांची 10 दिवसांची मजुरी, यावर घालतोय. अधीक्षकांनी मागच्या भिंतीलगतची जागा दाखवली. पिंप या पैशांत बसत नाहीत.

सिस्टर 12 वर्षं: पिंप हवेतच, मी सांगणं सोडणार नाही. पण त्या दोघी पाणी पीत नसतील तर आजच ड्युटीवरच्या सिस्टरला कळवा, उद्यावर नको. आणि शेडनेट मुळीच नको. आत दिवा लागला की बाहेरून सगळं दिसतं.

गिरणाकाठ: हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. सिस्टरला आत्ता फोन करतो. मग जाड ताडपत्रीच घ्यावी लागेल.

केळीवाला रावेर: मी पहिल्यांदाच म्हटलं होतं. माझ्या खळ्यात दोन पडून आहेत, सकाळच्या एसटीत टाकतो.

गिरणाकाठ: किती बाय किती, दादा?

केळीवाला रावेर: 18 बाय 24. दोरीसकट.