हाऊसिंग फायनान्सचं गृहकर्ज: रेपो उतरला तरी व्याज उतरेना, तक्रार कुठे करू?

नमस्कार मंडळी,

२०२१ मध्ये मी आणि धाकट्या भावाने बदलापूरच्या फ्लॅटसाठी २८ लाखांचं कर्ज काढलं. २० वर्षं, ७.४ टक्के, फ्लोटिंग म्हणजे बदलता दर. भावाचा धंदा असल्याने बँकांनी खळखळ केली, म्हणून हाऊसिंग फायनान्स कंपनीकडे गेलो.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर) ४ टक्क्यांवरून ६.५० वर गेला आणि आमचा दर ९.२ झाला. हप्ता तोच, २२,४०० च्या आसपास. पण उरलेल्या १८ वर्षांची जवळजवळ २७ झाली! मी सत्तरी ओलांडेपर्यंत हप्ते. आम्हाला कोणी विचारलं नाही, पत्रही आलं नाही. हप्त्यातले वीसेक हजार व्याजातच जात होते.

आता रेपो फेब्रुवारी २०२५ पासून उतरत डिसेंबरमध्ये ५.२५ वर आला. सव्वा टक्का! आमचा दर मात्र पाव टक्काच उतरून ८.९५ झाला. शाखेतले म्हणतात, तुमचं कर्ज आमच्या पीएलआरला, म्हणजे कंपनीने स्वतः ठरवलेल्या मूळ दराला जोडलंय, रेपोला नाही. ते बरोबर आहे, रेपोसारख्या बाहेरच्या दराला कर्ज जोडायची ऑक्टोबर २०१९ पासूनची सक्ती फक्त बँकांना आहे. पण नव्या गिऱ्हाइकाला हीच कंपनी कमी दराने कर्ज देते आणि आम्हाला तो दर हवा तर कन्व्हर्जन फी भरा म्हणते, हे फार लागतं.

शिल्लक मुद्दल सुमारे २६ लाख. तक्रार रिझर्व्ह बँकेकडे करायची की राष्ट्रीय आवास बँकेकडे? की सरळ कर्ज दुसरीकडे न्यावं? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
दादा, ऑगस्ट २०१९ पासून या कंपन्यांचे नियम रिझर्व्ह बँक करते, पण देखरेख आणि तक्रारी आवास बँकेकडेच आहेत. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. दाद लागली नाही तर आवास बँकेच्या ग्रिड्स या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर जा.

दर जास्त आहे एवढ्यावर फार काही होणार नाही, तो कंपनीचा निर्णय मानतात. मुदतीवर बोट ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो आणि दर तिमाहीला स्टेटमेंटही. जुन्या कर्जांनाही हे लागू आहे.

ढोबळ हिशेब करून पाहिला. मूळ मुदतीची साडेपंधरा वर्षं उरली असतील तर आजच्या दराने हप्ता २५,९०० हवा. बँकेने ७.५ ने घेतलं तर २३,७००. मी तर बँकच बघेन. फ्लोटिंग असल्याने फोरक्लोजर चार्ज (मुदतीआधी कर्ज फेडल्याचा दंड) लागू नये. प्रोसेसिंग फी, सर्च रिपोर्ट (मालकी हक्काची तपासणी), स्टँप ड्यूटी यांचा खर्च मात्र धरा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद मिळायला हवेत, कंपनीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

धागाकर्ता:
खूप आभार. मुदतीचा मुद्दा धरून आजच पत्र लिहितो. एकच विचारायचं, भाऊ सहकर्जदार आहे, तर तक्रारीवर त्याचीही सही लागेल का? आणि त्याची फक्त तीन वर्षांची आयटी रिटर्न्स आहेत, तेवढ्यावर बँक आमचं कर्ज ट्रान्सफर करून घेते का?