समेवर आलं की अंगावर काटा का येतो?

शुभा_पुणे:
सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जमेल तसं जाते, गाणं शिकलेली नाही पण ऐकून ऐकून ताल कळतो. तबलजी तिहाई घेऊन (एकच तुकडा तीनदा वाजवून) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, आला की अंगावर सर्रकन काटा येतो, कधी कधी तर सम यायच्या आधीच. आणि घरी तेच रेकॉर्डिंग परत परत ऐकलं, पुढे काय येणार ते पाठ आहे, तरी येतोच! म्हणजे अचानक काहीतरी झालं म्हणून येतो असंही म्हणता येत नाही. शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांना मात्र काही म्हणजे काही होत नाही. डोक्यात नक्की काय चालतं, कोणी सांगेल का?

निखिल_न्यूरो:
शुभाताई, "सम यायच्या आधीच" हे तुम्ही लिहिलंत ना, सगळी मेख तिथेच आहे. कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात सलीमपूर आणि झाटोरे यांच्या टीमने २०११ साली, ज्यांना संगीताने हमखास काटा येतो अशीच माणसं निवडली, त्यांच्याच आवडीचं संगीत त्यांना ऐकवलं आणि मेंदू स्कॅन केला. ऐन काट्याच्या क्षणी न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स या भागात डोपामिन, म्हणजे आनंदाशी आणि ओढीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन, सुटलं, पण त्याच्या आधीचे काही सेकंद, नुसती वाट बघताना, ते सुटत होतं कॉडेट नावाच्या दुसऱ्या भागात. आणि हे संगीत त्यांना आधीपासून पाठ होतं बरं का. त्यामुळे पाठ असलं की मजा जाते असं नाही, उलट काय येणार हे माहीत असतं म्हणून तर वाट बघता येते.

तबलेवाला_सांगली:
निखिल म्हणतोय ते तिहाईत बसवूनच दाखवतो. सोळा मात्रांच्या, म्हणजे सोळा ठोक्यांच्या तीनतालात नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून (जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात), "तिटकत गदिगन धा" तीनदा घ्या. पहिला धा अकराव्या मात्रेवर पडतो, दुसरा चौदाव्यावर, तिसरा बरोबर समेवर. पहिल्या वेळेला ऐकणाऱ्याला नमुना कळतो, दुसऱ्या वेळेला खात्री होते, आणि तिसऱ्या वेळेला सगळा हॉल मनातल्या मनात आमच्याबरोबर वाजवत असतो, माना हलायला लागतात ते स्टेजवरून दिसतं. आम्ही मुद्दाम दम घेऊन समेला किंचित ताणतो ते ह्याचसाठी.

अनघा_के:
पण सगळं केमिकलवर नेऊन ठेवायचं का? मला वाटतं हा कानावरचा संस्कार आहे. ज्याने ताल कधी ऐकलाच नाही त्याला सम कुठे आहे ते कसं कळणार?

निखिल_न्यूरो:
अनघा, संस्कार हवाच, सोळा मात्रांची सम ऐकल्याशिवाय नाही कळायची. पण ठेका पकडायची तयारी जन्मापासून असते. २००९ च्या एका प्रयोगात दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला आणि मधूनच पहिला ठोका गाळला, तर ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीत, मेंदू दचकल्याचं दिसलं. आणि केमिकलचं म्हणाल तर २०१९ मध्ये लोकांना डोपामिन वाढवणारं औषध दिल्यावर संगीतातला आनंद वाढला, अडवणारं दिल्यावर कमी झाला. मला तर वाटतं संस्कार आणि डोपामिन ही भांडणातली दोन टोकं नाहीतच, संस्काराने मेंदूला अंदाज बांधता येतो आणि त्या अंदाजावर डोपामिन सुटतं.

शुभा_पुणे:
तबलेवाले दादा, आत्ता टेबलावर तुमची तिहाई वाजवून बघितली, चौदाव्या मात्रेच्या धा नंतरच यायला लागला काटा!! पण ह्यांचं काय? ऐकू व्यवस्थित येतं, सूर चुकला तर माझ्या आधी त्यांना कळतो.

निखिल_न्यूरो:
त्यात काळजीचं काही नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अगदी अशाच लोकांवर काम केलंय, त्याला म्युझिकल अ‍ॅनहेडोनिया म्हणतात. सूर-ताल कळतात, डिप्रेशन नसतं, पैसे जिंकायच्या खेळात नाडी इतरांसारखीच वाढते, फक्त संगीताला शरीर दाद देत नाही. काकांना कशाने काटा येतो ते विचारा की.

शुभा_पुणे:
विचारलं. शेवटच्या ओव्हरला सहा रन हवे असले की येतो म्हणाले.