मदत हवी आहे: शांत संगीत लावलं की चिडचिड वाढते

प्रश्न स्वतःसाठीच आहे, प्रौढ, ऑटिस्टिक. गोंगाटातून आल्यावर सावरायला संगीत वापरायचंय. ‘रिलॅक्सिंग’ नावाच्या याद्यांनी दोन मिनिटांत डोकं फिरतं. उलट जोरकस ठेक्याचं एकच गाणं वीस वेळा ऐकलं की बरं वाटतं. यात काही चुकतंय का? शिवाय नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घातला की कानात दडे बसतात. ‘संगीत ऐका, बरं वाटेल’ एवढंच सांगू नका, नेमकं सांगा.

विलंबित:
चूक तुमची नाही, यादीची आहे. शरीर द्रुत लयीत धावत असताना कानावर एकदम विलंबित आलं की ते खटकतंच. संगीतोपचारात याला आयसो तत्त्व म्हणतात. आयरा आल्टशुलर या मानसोपचारतज्ज्ञाने 1948 मध्ये ते मांडलं. आधी मनःस्थितीशी जुळणारं संगीत लावायचं, मग हळूहळू वळवायचं.

सहा तुकडे निवडा, सगळे पाठ असलेले. पहिला मिनिटाला 130-140 ठोक्यांचा, पुढचा प्रत्येक 10-20 ठोक्यांनी संथ, शेवटचा 60-70 चा. शेवटचे दोन बिनशब्दांचे. एकूण वीस-पंचवीस मिनिटं. एखाद्या पायरीवर अडकलात तर तोच तुकडा पुन्हा लावा, पुढे ढकलू नका. शटडाउनमध्ये, म्हणजे हालचाल आणि बोलणं थिजतं तेव्हा, सुरुवात संथ आणि हळू आवाजात करून लय चढवत न्यायची.

बहुतेकांचं सेटिंगमध्येच बिनसतं. शफल बंद. ऑटोप्ले बंद, नाहीतर यादी संपताच ॲप स्वतःच्या मनाचं काहीतरी सुरू करतं. तुकडे डाउनलोड करून ठेवा. मध्येच किंचाळणारी जाहिरात सगळी मेहनत पाण्यात घालते. आवाजाची पातळी समान ठेवणारा पर्याय चालू करा. क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरत असतानाच पुढचा सुरू करणारं सेटिंग, मात्र जपून: दोन लयी एकमेकींवर चढलेल्या सहन होत नसतील तर तो शून्यावर ठेवा आणि तुकड्यांमध्ये दोन सेकंद शांतता सोडा.

पुन्हापुन्हा:
एकच गाणं वीस वेळा ऐकणं हे कानांचं स्टिमिंगच आहे, म्हणजे स्वतःला सावरायला तीच गोष्ट पुन्हापुन्हा करणं, त्यात गैर काही नाही. पुढचा सूर कोणता हे आधीच ठाऊक असतं, म्हणून मेंदूला सावध राहावं लागत नाही. पण तेच गाणं फक्त वाईट वेळी लावत राहिलात तर काही महिन्यांनी त्याच्या पहिल्या सुरानेच पोटात गोळा येऊ शकतो. तीन-चार गाणी आलटून पालटून ठेवा आणि बऱ्या दिवशीही ऐका.

मेल्टडाउन, म्हणजे ताण असह्य होऊन ताबा सुटणं, शिगेला पोचलं असेल तर संगीत नकोच. तेव्हा तो आणखी एक आवाजच ठरतो. अंधार आणि शांतता, संगीत नंतर. आणि ‘ताण जाणवला की लावेन’ हा बेत अनेक ऑटिस्टिक लोकांच्या बाबतीत फसतो, कारण शरीराच्या खुणा उशिरा कळतात. बाहेरची खूण ठरवा: दारातून आत आल्यावर कोणाशीही बोलण्याआधी यादी सुरू, किंवा एकच वाक्य तीनदा वाचावं लागलं की सुरू.

कानसेन:
दड्यांबद्दल. हवेचा दाब खरं तर बदललेला नसतो. हेडफोन उलट लहर सोडून खालच्या पट्टीचे आवाज पुसतो आणि मेंदू त्याचा अर्थ दाब असा लावतो. कॅन्सलिंगची पातळी कमी करता येत असेल तर करून पाहा. नाहीतर बिनबॅटरीचे, कान पूर्ण झाकणारे इअरमफ घ्या. पंख्याच्या घरघरीवर कॅन्सलिंग उत्तम चालतं. भांड्यांचा खणखणाट, बाळाचं रडणं अशा अचानक, चिरक्या आवाजांवर इअरमफच सरस.

आवाजाची कमाल मर्यादा शांत असताना फोनमध्ये बांधून टाका, त्रासात अंदाज चुकतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला 80 डेसिबलला 40 तासांचा आहे. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा: 83 ला 20, 86 ला 10. आणि कान दिवसभर झाकून ठेवू नका. शांत खोलीतही झाकलेलेच राहिले तर श्रवणयंत्रणा संवेदनशीलता वाढवते आणि साधे आवाजही मोठे वाटू लागतात.

धागाकर्ती:
क्रॉसफेड हाच काटा होता बहुतेक. वाचताना काय लावावं?

विलंबित:
बिनशब्दांचं, नाहीतर अजिबात न कळणाऱ्या भाषेतलं. कळणारे शब्द वाचनाच्या वाटेत येतात.