खुब्याजवळचा कॅन्सर : पाय काढावाच लागतो असं नाही

भावाच्या खुब्याच्या वाटीजवळ कॉन्ड्रोसार्कोमा (कूर्चेच्या पेशींपासून होणारा हाडाचा कॅन्सर) निघालाय आणि पाय काढावा लागेल का, असं वर विचारलंय. वरच्या प्रतिसादांत कृत्रिम सांध्यावरच चर्चा झाली, म्हणून थोडी भर.

मांडीकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी आणि सायटिक नस (पायाकडे जाणारा मोठा मज्जातंतू) गाठीपासून सोडवता येत असतील, तर कटीच्या हाडाचा रोगट भाग काढून पाय बहुतेकदा वाचवता येतो. पण गाठीसोबत तिच्याभोवतीचा निरोगी थरही काढणं सगळ्यात महत्त्वाचं. या कॅन्सरवर केमोचा सहसा उपयोग होत नाही, भिस्त शस्त्रक्रियेवरच. पाय वाचवण्यासाठी गाठ अर्धवट ठेवणं कधीच परवडत नाही.

वाटी काढल्यावर दरवेळी धातूचा सांधा बसवतातच असं नाही. काही ठिकाणी काढलेलं हाड गाठ खरवडून, ५० ग्रे इतक्या मात्रेचा किरणोत्सर्ग देऊन पुन्हा तिथेच प्लेट-स्क्रूने बसवतात. काही वेळा सांधा न बसवता मांडीचं हाड तसंच वर सरकू देतात. पाय आखूड होतो, पण उंच टाचेचा बूट आणि काठी घेऊन माणूस चालतो. या भागात जंतुसंसर्गाचा धोका मोठा असल्याने साधा पर्याय मला कमी प्रतीचा वाटत नाही.

आणि कळकळीने सांगते, बायोप्सी (तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणं) अजून झाली नसेल तर घाईने जवळच्या दवाखान्यात करू नका. सुईचा मार्गही नंतर गाठीसोबत कापून काढतात, त्यामुळे ती जागा ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवायला हवी. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये हाडांच्या कॅन्सरचा स्वतंत्र विभाग आहे. एमआरआयच्या फिल्म्स घेऊन आधी तिथे दाखवा.