कॅलिपर घासण्याआधी जरा थांबा

ड्रॅग रेसिंगसाठी, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीसाठी, 2016 च्या फोर्ड मस्टँग जीटीवर मागे 15 इंची चाकं बसवायला 'कॅलिपरचा कोपरा ग्राइंडरने घासा' असं एकाने सुचवलंय. कॅलिपर म्हणजे ब्रेकची डिस्क दाबून धरणारा भाग. मला ते अजिबात पटत नाही. आधी आकडे बघा. मागची डिस्क 330 मिमी, म्हणजे 13 इंच. तिच्याबाहेर कॅलिपर आलाच. 15 इंची रिमच्या पोटात एवढी जागा नसते, कोपरा घासून भागणार नाही.

लहान डिस्क आणि कॅलिपर धरणारं नवं ब्रॅकेट असलेला पूर्ण किट घ्या. मात्र आधी हँडब्रेकचं विचारा. या गाडीत तो मागच्या कॅलिपरमध्येच आहे; नुसत्या रेसिंगच्या किटमध्ये तो गायब होतो. गाडी रस्त्यावरही चालवता ना?

15 इंची चाकाचा फायदा खराच आहे म्हणा. 28 इंची टायरला 18 च्या रिमवर 5 इंचांची भिंत (टायरची रबरी बाजू) मिळते, 15 वर साडेसहा. सुटताना ती मुरडते आणि पकड देते. पण हे सगळं मागच्या चाकांचं. पुढे 17 किंवा 18 ची अरुंद चाकं मिळतात, ती आधी कॅलिपरवर लावून बघा. पुढचे ब्रेक उगाच लहान करू नका, गाडी थांबवण्याचं बहुतेक काम तेच करतात. ताशी 190 किमीला गाडीत ताशी 100 किमीच्या साडेतीनपटीहून जास्त ऊर्जा असते, आणि ती ब्रेकनाच जिरवावी लागते.

चाक बसवल्यावर हाताने पूर्ण फिरवा. रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं कॅलिपरला घासतात, आमची दोनदा उडाली.