टीएमपीएफएसवर लिहिण्याचा वेग: कोणते माउंट पर्याय खरंच उपयोगी पडतात?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

लिनक्स सर्व्हरवर बिल्डच्या (कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याच्या कामाच्या) तात्पुरत्या फाइलींसाठी टीएमपीएफएस (रॅममध्येच राहणारी फाइलप्रणाली) वापरतोय. दोन सॉकेटचं (म्हणजे दोन प्रोसेसरचं) मशीन, रॅम ६४ जीबी. एफएसटॅबमध्ये (फाइलप्रणाली कशा जोडायच्या, म्हणजे माउंट करायच्या, त्याची यादी असलेल्या फाइलमध्ये) ‘साइझ=४८जी, नोएटाइम, नोडायरएटाइम, एसिंक’ एवढे पर्याय आहेत. ते काढले काय नि ठेवले काय, लिहिण्याच्या वेगात फरक दिसत नाही. डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने मोजलं तर आकडा रॅमच्या वेगापेक्षा फारच कमी येतो. शिवाय बरेच बिल्ड एकदम चालू झाले की मधेच सगळं रखडतं. सगळं मेमरीतच असताना हे का व्हावं? रॅमएफएसवर (रॅममधलीच दुसरी, साधी फाइलप्रणाली) जाऊ का?

प्रतिसाद १

तुमच्या यादीतले साइझ सोडून बाकीचे पर्याय डिस्कच्या फाइलप्रणालीसाठी आहेत. टीएमपीएफएसच्या मागे डिस्कच नाही, त्यामुळे एसिंकने (डिस्कवर लिहून होण्याची वाट न पाहण्याने) वाचवण्यासारखं काही उरत नाही. एफसिंकसुद्धा (मजकूर डिस्कवर उतरवायला सांगणारी सूचना) काही न करता लगेच परततो. एटाइमची (फाइल शेवटची कधी वाचली त्या वेळेची) नोंदही मेमरीतच होते.

खरा खर्च पहिल्यांदा लिहिताना होतो. दर ४ केबीला कर्नल (लिनक्सचा गाभा) मेमरीचं नवं पान, म्हणजे ठरावीक आकाराचा तुकडा, शोधतो, साइझच्या मर्यादेत आणि सीग्रुपच्या (प्रक्रियांच्या गटाच्या मेमरीच्या) खात्यात त्याची नोंद करतो, ते फाइलच्या अनुक्रमणिकेत जोडतो आणि मग मजकूर उतरवतो. तीच फाइल पुन्हा लिहिली की पानं तयार असतात, फक्त उतरवणं उरतं. मात्र डीडी आधीची फाइल रिकामी करूनच सुरुवात करतो, म्हणून तुम्ही दर वेळी नव्या पानांचाच खर्च मोजताय. ‘कन्व्ह=नोट्रंक’ (फाइल रिकामी न करता लिहिणं) देऊन पाहा. बीएस (एका वेळी लिहायच्या तुकड्याचा आकार) १ एमबी ठेवा. मूळच्या ५१२ बाइटवर सिस्टम कॉलच (कर्नलला केलेल्या विनंत्याच) जास्त मोजले जातील.

प्रतिसाद २

पानांचा खर्च कमी करायचा तर ‘ह्यूज’ (मोठी पानं वापरण्याचा) हा पर्याय बघा. मुळात तो ‘नेव्हर’ असतो. ‘ऑलवेज’ दिलं तर एक्स८६वर २ एमबीची पानं मिळू शकतात, पण बिल्डमधल्या बारीक बारीक फाइलींसाठी ती दिली तर मेमरी भसाभस संपते. मला ‘विदिन_साइझ’ बरा वाटतो. त्यात मोठं पान फाइलच्या आकारात पूर्ण बसत असेल तरच मिळतं, म्हणून शेवटाला जोडत वाढणाऱ्या फाइलींना फायदा हवा असेल तर आकार एफट्रंकेटने (फाइलचा आकार बदलणाऱ्या कॉलने) आधीच वाढवून ठेवा. रीमाउंट करून (माउंट न काढता पर्याय बदलून) बदलता येतं, आतल्या फाइली जात नाहीत. मेमइन्फोमधली (कर्नलच्या मेमरीच्या माहितीतली) ‘श्मेमह्यूजपेजेस’ ही ओळ वाढते का, ते बघत राहा.

प्रतिसाद ३

रखडण्याचं कारण मला स्वॅप (रॅम कमी पडली की मजकूर ठेवायची डिस्कवरची जागा) वाटतं. टीएमपीएफएसची पानं स्वॅपमध्ये जाऊ शकतात. साइझ दिला नाही तर मर्यादा रॅमच्या निम्मी असते. तुम्ही ती ६४ पैकी ४८ केलीत, वर कंपायलरलाही मेमरी हवीच. रखडेल तेव्हा व्हीएमस्टॅट या कमांडचा ‘एसओ’ (स्वॅपमध्ये जाणारा मजकूर) रकाना पाहा.

रॅमएफएसवर कृपया जाऊ नका. तो साइझ जुमानत नाही, रॅम संपेपर्यंत वाढतच जातो.

धागाकर्ता

मनापासून आभार. नोट्रंक दिल्यावर दुसऱ्यांदा लिहिणं स्पष्टच जलद झालं. आणि रखडताना ‘एसओ’मध्ये सतत आकडे येत होते, म्हणजे स्वॅपच. कर्नल ६.६ आहे, मग ‘नोस्वॅप’ लावून टाकू का?

प्रतिसाद ३

६.४पासून तो पर्याय आहे, म्हणजे तुमच्याकडे चालेल. पण आधी साइझ खाली आणा. नोस्वॅप असताना टीएमपीएफएस भरला आणि मेमरी संपली, तर ओओएम किलर (मेमरी संपल्यावर कर्नलची प्रक्रिया बंद करणारी यंत्रणा) प्रक्रिया मारेल. फाइली मात्र जागच्या जागी राहतील आणि त्यांची मेमरी सुटणार नाही. सर्वांत जास्त बिल्ड चालू असताना कंपायलर किती मेमरी घेतात ते मोजा, ती वजा करून उरेल त्यातून थोडी मोकळी सोडा आणि मगच आकडा ठरवा.

दोन सॉकेट आहेत म्हणून ‘एमपोल’ (मेमरी कोणत्या सॉकेटजवळची घ्यायची ते ठरवणारा माउंट पर्याय) सुद्धा तपासा. बिल्ड एकाच सॉकेटला बांधलेले असतील तर ‘लोकल’ (जवळचीच मेमरी), दोन्हीकडून त्याच फाइली वापरल्या जात असतील तर ‘इंटरलीव्ह’ (दोन्हीकडची आळीपाळीने). हे मात्र ह्यूजबरोबर एकदम बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.