करंगळी बधिर होतेय, नाशकात नेमकं कुणाला दाखवू?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी. वय ४४, नोकरी अंबड एमआयडीसीत, दिवसभर संगणकापुढे. गेले पाच आठवडे उजव्या हाताची करंगळी आणि शेजारच्या बोटाची कड बधिर होते. पहाटे चारला जाग येते तीच हातात मुंग्या घेऊन. हात झटकला की दहा मिनिटांत उतरतं. परवा मात्र ऑफिसला पोचलो तरी उतरलं नव्हतं. शर्टाचं बटण लावताना करंगळी दुसऱ्या कुणाची तरी वाटत होती.

रविवारी सायकलवर त्र्यंबकला जाऊन येतो, साठेक किलोमीटर होतात. घराजवळच्या एका दवाखान्यात दाखवलं, तर हाताला हातही न लावता थेट मानेचा एमआरआय लिहून दिला. करू का? की आधी हाडांच्या डॉक्टरकडे जाऊ? शुगर नाही.

साडेतीन_शहाणा:
बी-१२ कमी असणार. माझ्या साडूला अगदी हेच झालं होतं, पाच इंजेक्शनांत बरा झाला. मेडिकलवाला देतो टोचून. सोबत तिळाच्या तेलाने मालिश करा.

हात_बघते (फिजिओ):
शहाणेसाहेब, साडूचे दोन्ही हात-पाय बधिर होते की एकच करंगळी? बी-१२ची कमतरता सहसा दोन्ही बाजूंनी येते, त्यातही पायांकडून जास्त. आणि आधी इंजेक्शन टोचून मग रक्त तपासलं तर आकडा फुगलेला दिसतो, खरं काय होतं ते कळायची सोय राहत नाही. तपासणी जरूर करा, पण टोचण्याआधी.

गंगापूररोडकर, करंगळीला आणि अनामिकेच्या करंगळीकडच्या अर्ध्या भागाला संवेदना पुरवते ती अल्नर नर्व्ह. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंट बसतो ना, तीच ही नस. मानेतून निघून काखेतून कोपराच्या आतल्या हाडामागे येते आणि मनगटातून तळहातात जाते. वाटेत कुठेही दबली तरी बोंब करंगळीच मारते. म्हणून आधी नस कुठे दबली ते शोधायचं. घरी तीन गोष्टी बघा.

खराट्याचा एक हीर घ्या, डोळे मिटा आणि बायकोला अनामिकेवर दोन्ही कडांनी हळूच फिरवायला सांगा. बोटाची एक कड जागी आणि दुसरी झोपलेली असेल, तर मानेपेक्षा अल्नरवर संशय जास्त. मग हाताची मागची बाजू, करंगळीच्या रेषेत मनगटापर्यंत. तिथली फांदी मनगटाच्या बरीच आधी फुटते. त्यामुळे मागची बाजूही बधिर असेल तर दाब मनगटाच्या वर, बहुधा कोपरात. मागची बाजू शाबूत आणि बोटं तळव्याच्या बाजूनेच बधिर असतील तर मनगट. तिसरं, कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू. ती बधिर असेल तर मात्र मानेकडे किंवा गळ्याच्या हाडाखाली बघावं लागतं, कारण तिथली नस वेगळी.

चाकावरचा_नाशिककर:
सायकलवर डोळा ठेवा! हँडलवर तळहाताची करंगळीकडची गादी टेकवून तासन् तास दाबली की मनगटातल्या गायॉन कालव्यात नस चेपते. मला घोटीच्या राइडनंतर दोन दिवस चमचा नीट धरता येत नव्हता. २०१५ साली आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी रॅम ही अमेरिका आरपार ओलांडायची सायकल शर्यत पूर्ण केली आणि गावात सायकलींचं पेव फुटलं, पण सीट आणि हँडलचं माप कुणी घेत नाही. जेलचे हातमोजे घाला, दर दहा मिनिटांनी पकड बदला, सीटचं नाक पुढे झुकलं असेल तर सरळ करा.

निफाडचा_बागायतदार:
भाऊ, माझं ऐका. मी सातवीत बैलगाडीवरून पडलो, उजवं कोपर मोडलं. गावातल्या एका माणसाने बसवलं, हात थोडा वाकडाच राहिला. पुढे तीस वर्षं काही नाही. मग एका वर्षी द्राक्षांच्या गोडी छाटणीला दोन एकर झाल्यावर कात्री हातातून गळायला लागली. वाटलं, वय झालं. दोन वर्षं मलम, तेल, शेक सगळं केलं. तोवर अंगठा आणि तर्जनीमधलं मांस आटून खळगा पडला. डॉक्टर म्हणाले, वाकड्या कोपरावर नस वर्षानुवर्षं ताणली गेली. ऑपरेशन करून नस पुढे सरकवली. मुंग्या गेल्या, पण खळगा काही भरला नाही. तुमचं बोट अजून येतंय-जातंय, तोवरच दाखवा.

हात_बघते (फिजिओ):
दादा, हेच लोकांना कळत नाही. बधिरपणा परत फिरतो, आटलेलं मांस क्वचितच. गंगापूररोडकर, अंगठा आणि तर्जनीच्या बाजूमध्ये कागद धरा आणि कुणाला तरी ओढायला सांगा. धरून ठेवताना अंगठ्याचं टोक वाकत असेल तर ताकद गेलीय, मग थांबू नका.

पंचवटीची_मावशी:
निवृत्त आरोग्य कर्मचारी आहे, पेठ-सुरगाण्याकडे कुष्ठरोग शोधमोहिमेत बरीच पायपीट केली. हे कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, ज्यावर कापूस फिरवला तरी कळत नाही? कोपराच्या आत नस दोरीसारखी जाड लागते का? कुष्ठरोगात बऱ्याचदा हीच नस धरली जाते. सुशिक्षित घरांतही बघितलंय. लाजायचं कारण नाही. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभराचा कोर्स.

साडेतीन_शहाणा:
आणि हार्टचं असलं तर? माझ्या मामांचा हातच दुखत होता.

हात_बघते (फिजिओ):
अचानक हात बधिर, छातीत दडपण, घाम, किंवा तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय, तर धागा वाचत बसू नका, १०८ फिरवा. पाच आठवडे येतं-जातं करणारी करंगळी त्यातली नाही.

गंगापूररोडकर:
सर्वांचे आभार. हीर फिरवला. अनामिकेच्या मधोमध खडूने रेघ ओढल्यासारखं आहे, एक बाजू माझी, दुसरी परकी. हाताची मागची बाजूही बधिर. आतली बाजू ठीक. कागद धरता येतो. चट्टा नाही मावशी, बायकोने पाठसुद्धा तपासली. मग कुणाकडे जाऊ?

हात_बघते (फिजिओ):
म्हणजे कोपर असण्याची शक्यता जास्त. हाताच्या शस्त्रक्रियेचं काम करणारे हाडांचे डॉक्टर किंवा न्यूरॉलॉजिस्ट, दोन्ही चालतील. बहुधा एनसीव्ही ही नसेची तपासणी सांगतील, त्यात नसेतला करंट कुठे मंदावतो ते कळतं. हे जिल्हा रुग्णालयात विचारलंत तरी चालेल. नावं व्यनिमध्ये (खासगी निरोपात) कळवते, इथे नको.

गंगापूररोडकर: (बारा दिवसांनी)
एनसीव्ही झाली, कोपरातच वेग कमी निघाला. एमआरआय तूर्त नको म्हणाले. सायकल निर्दोष सुटली! गुन्हेगार ऑफिसची खुर्ची, तिच्या टणक हातावर दिवसभर कोपर टेकवून बसायचो, आणि रात्री हात दुमडून उशीखाली घालायची सवय. कोपर दुमडलं की नस ताणली जाते म्हणे. आता कोपराभोवती टॉवेल गुंडाळून झोपतो, म्हणजे ते दुमडतच नाही. बायको म्हणते, हाताला मुंडासं बांधलंय. सहा आठवड्यांनी परत बोलावलंय. पहाटेच्या मुंग्या आठवड्यातून दोनदावर आल्यात.

निफाडचा_बागायतदार:
टॉवेल घामाने गच्च होतो भाऊ. सुती उपरणं घ्या आणि गाठ आतल्या बाजूला येऊ देऊ नका, नाहीतर तीच नसेवर बसेल.